तक्तपोशी आणि खिळा

कुंडलिका नदीनें जालना शहराचे दोन भाग केले आहेत. एकास जुनें जालनें म्हणतात व दुसऱ्यास नवें जालनें अथवा कादराबाद. यांपैकीं जुन्या भागांत आमचें वडिलोपार्जित घर आहे. घर कांहीं मोठें नाहीं. खालीं ओसरी, माजघर, एक कोठी, आणि वर दोन खोल्यांची माडी. या माडीची लांकडी जमीन उखडून पुन्हा घालण्याचा प्रसंग गेल्या उन्हाळ्यांत आला. फळ्या जागोजाग उचलल्या होत्या, खिळ्यांचीं डोकीं वर निघालीं होतीं, आणि मुलांच्या तळपायांस व बायकांच्या पदरांस त्यांची ओळख वारंवार होऊं लागली होती. स्लॅब टाकून मोकळे व्हा, असें सांगणारे आप्त पुष्कळ भेटले. आम्हांस तें रुचलें नाहीं. मग सुतार आला. त्यानें हवेच्या दाबावर चालणारी खिळे मारण्याची बंदूक बरोबर आणिली होती. कारागीर तिला ‘नेल गन’ म्हणतात. चार दिवसांचें काम आपण एका दिवसांत उरकूं, असें तो म्हणाला. त्या बंदुकीपायीं आम्हांस खिळ्याचा इतिहास धुंडाळावा लागला. त्याचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

जें उखडलें त्यांत लोखंड तीन जातींचें निघालें, असें आरंभीं वाटलें. नीट पाहतां तें दोन जातींचें होतें, आणि तिसऱ्या ठिकाणीं तें मुळींच नव्हतें. फळ्यांतून निघाले ते गोल अंगाचे, चपट्या डोक्याचे, तारेचे खिळे. आजही हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात तसले. दाराच्या चौकटींतून निघाले ते चौकोनी अंगाचे, टोंकाकडे निमुळते, ज्यांच्या डोक्यावर हातोड्याचे घाव अद्याप मोजतां यावेत असे, लोहारानें भट्टीवर घडविलेले. आणि खांब व तुळया यांच्या सांध्यांत लोखंडाचा कण नव्हता. एका लांकडाचें टोंक निमुळतें करून दुसऱ्याच्या खोबणींत बसविलेलें, व आडवी लांकडी खुंटी मारून पक्कें केलेलें. सर्वांत जुना तो हा सांधा, आणि सर्व घरांत डळमळला नव्हता तो हाच.

देशावरील अथवा मराठवाड्यांतील जुन्या घराची माडी उकलतांना ज्यांनीं पाहिली असेल त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तुळयांवर कड्या व कड्यांवर फळ्या, यास कडीपाट म्हणतात. फळ्या एकमेकींस भिडवून जडविल्या कीं ती तक्तपोशी. परंतु पुष्कळ घरांत काम एवढ्यावर संपत नसे. फळ्यांवर चार-सहा बोटें मातीचा थर घालीत, तो चोपीत, आणि वरून शेणानें सारवीत. म्हणजे चालणाराचें पाऊल फळीवर पडतच नसे, तें मातीवर पडे. आणि फळी जागेवर राही ती खिळ्याच्या जोरावर नव्हे, वरच्या भारामुळें. उन्हाळ्यांत ती आकसे, पावसाळ्यांत फुगे. माती तिला दाबून धरी, पण जखडून ठेवीत नसे. खालीं माजघरांत बसलेल्या माणसास वरच्या पावलांचा आवाजही त्यामुळें कमी येई. या मातीच्या थरास आपण मागासलेपणाचें लक्षण समजत आलों. आम्हीही समजत होतों.

खिळ्यावर भिस्त न ठेवण्याचें एक कारण उघड आहे. यंत्रयुगापूर्वीं खिळा ही हलकी वस्तु नव्हती. लोखंडाची कांब तापवावयाची, ऐरणीवर टोंक काढावयाचें, कापावयाची, पुन्हा तापवून डोकें चेपावयाचें, आणि इतकें करून हातीं खिळा एक. गांवच्या लोहारास बलुत्यापोटीं नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी यांचेंच काम पुरून उरे. माडीच्या फळ्यांसाठीं पांचशे खिळे घडवा असें त्यास सांगणारा घरधनी चांगलाच सधन असला पाहिजे. ही स्थिति आपल्याच देशांत होती असें नाहीं. अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतींत लोक जागा सोडून जातांना राखेंतून खिळे वेंचतां यावेत म्हणून राहतें घर जाळून टाकीत. अखेर १६४५ च्या सुमारास तेथील सरकारनें कायदा करून तें बंद केलें, आणि घर न जाळणारास त्यांत असतील तितके खिळे मोजून देण्याचें कबूल केलें. त्याहून जुना दाखला स्कॉटलंडमधील इंच्टुथिल येथील रोमन छावणीचा आहे. इ. स. ८७ च्या सुमारास रोमन सैन्यानें ती छावणी मोडली, तेव्हां शत्रूच्या हातीं लोखंड पडूं नये म्हणून खिळे खोल खड्ड्यांत पुरले. ते १९६० च्या सुमारास उत्खननांत सांपडले. संख्या सुमारें ८,७५,०००. सुवर्णमुद्रा पुरून जाणारे राजे आपण ऐकले आहेत; खिळे पुरून जाणारें साम्राज्य हें एकच असावें.

जी वस्तु महाग ती मिरविण्याची होते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर बारा-बारा इंचांचे बहात्तर अणकुचीदार खिळे आहेत. ते दाराच्या फळ्या जोडण्यासाठीं नव्हेत. हत्तीनें मस्तकाची धडक देऊं नये यासाठीं, आणि थोडेंसें येणारानें दबकावें यासाठींही. आंतील लांकडी महालांचें मात्र आज कांहीं उरलें नाहीं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत ते गेले, आणि जोतीं, तट व खिळ्यांचा दरवाजा राहिला. आपल्या लांकडी वास्तुकलेचा इतिहास लिहूं पाहणारास ठिकठिकाणीं ही अडचण येते: जें बांधणीचें मर्म तें जळून अगर कुजून जातें, आणि बाहेरचें लोखंड मागें उरतें.

दगड मात्र कधीं कधीं लांकडाची आठवण धरून ठेवतो. जालना जिल्ह्यांतील भोकरदन म्हणजे सातवाहनकालीन भोगवर्धन. तेथील लोकांनीं दूर सांचीच्या स्तूपास दानें दिल्याचे लेख आहेत. या भोगवर्धनाचीं घरें आज आपणांस दिसत नाहींत, पण त्याच युगांतील मावळांतलीं लेणीं दिसतात. भाजें व कार्लें येथील चैत्यगृहांच्या छतांस अस्सल लांकडी कमानी दोन हजार वर्षें टिकून आहेत. आणि भाज्याच्या दर्शनी भागावर कोरलेल्या वेदिकेंत आडव्या पट्ट्या उभ्या खांबांत शिरलेल्या दाखविल्या आहेत. खडकांत असल्या सांध्याची गरज नव्हती. पाथरवटाच्या डोळ्यांपुढें सुताराचें काम होतें, आणि त्या कामांत त्यास नक्कल करण्याजोगी वाटली ती खोबण.

खिळा स्वस्त झाला तो यंत्रानें. अमेरिकेंत जेकब पर्किन्स यानें १७९५ सालीं पत्र्यांतून खिळे कापणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच्या आदल्याच वर्षीं टॉमस जेफर्सन यानें आपल्या माँटिसेलो येथील जागेंत खिळ्यांची भट्टी घातली होती. तिच्यावर राबत तीं गुलामांचीं दहा ते सोळा वर्षांचीं मुलें. मनुष्यमात्र समान आहेत असें जाहीरनाम्यांत लिहिणाऱ्या पुरुषाच्या हिशेबवहींत कोणत्या मुलानें किती लोखंड वायां घालविलें याची टिपणें आहेत, असो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पोलाद स्वस्त झालें, तारेपासून खिळा पाडणारीं यंत्रें आलीं, आणि शतक संपतां संपतां लोहाराचा चौकोनी खिळा जगांतून जवळजवळ उठला.

आमच्या गांवीं तो केव्हां उठला याचा आम्हीं एक तर्क बांधला आहे. मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला व जालन्यास स्टेशन झालें. बैलगाडीनें येणारें जड सामान त्यानंतर डब्यांतून येऊं लागलें. तारेचे खिळेही त्यांत असले पाहिजेत. आमच्या घरांत पिढीजात सांगतात तें असें, कीं गाडी सुरू झाल्यावर कांहीं वर्षांनीं पणजोबांनीं माडीवरची माती काढविली, फळ्या रंधून गुळगुळीत केल्या, आणि त्या खिळ्यांनीं ठोकून टाकिल्या. नव्या काळास शोभेल अशी लांकडाची जमीन त्यांस हवी होती. भार गेला, शेण गेलें, आणि फळी दोन्ही कडांनीं जखडली गेली. तेव्हांपासून ती जमीन वाजूं लागली, असें आमची आजी म्हणे.

तिच्या वाजण्याचें कारण लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड कापलें, वाळलें, तरी हवेंतील ओल तें घेतें व टाकतें. लांबींत फरक पडत नाहीं म्हटलें तरी चालेल. जो पडतो तो रुंदींत. सागवान या बाबतींत पुष्कळ गुणी. फार आकसत नाहीं, फार फुगत नाहीं. त्याच्या अंगच्या तेलामुळें त्यांत लोखंडही सहसा गंजत नाहीं. ओक लांकडाच्या आम्लानें खिळा खाल्ला जातो, तसें येथें होत नाहीं. याच गुणामुळें मुंबईच्या गोदींत वाडियांनीं बांधलेलीं सागवानी जहाजें नांवाजलीं, आणि १८६० सालीं पाण्यांत सोडलेल्या इंग्लंडच्या ‘वॉरियर’ या चिलखती युद्धनौकेच्या लोखंडी पत्र्यांमागें अठरा इंच जाडीचें सागवान घातलें गेलें. परंतु सागवान झालें तरी दहा इंच रुंद फळी चैत्र-वैशाखांतील कोरड्या हवेंत आकसते व श्रावणांत फुगते. दोन्ही कडांस खिळे असले म्हणजे ती एक तर चिरते, नाहीं तर खिळ्यास घेऊन वर येते. आमच्या फळ्यांनीं दोन्ही केलें होतें.

आतां बंदुकीकडे येऊं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत हॉवर्ड ह्यूजच्या प्रचंड लांकडी विमानाचें काम चाललें होतें. त्या विमानाचे भाग गोंदानें चिकटवीत, गोंद धरेपर्यंत खिळ्यांनीं दाबून ठेवीत, आणि मागाहून खिळे उपटून काढीत. तें विमान २ नोव्हेंबर १९४७ रोजीं एकदांच उडालें. त्याच कामावरचा मॉरिस पायनूस नांवाचा इंजिनियर व त्याचे सोबती यांनीं १९५० सालीं हवेच्या दाबाचें खिळेयंत्र बाजारांत आणिलें. उपटून काढावयाच्या खिळ्यांवरून ही विद्या सुरू झाली, याची आम्हांस गंमत वाटते.

आमच्या सुताराची बंदूक फर्निचरच्या कामाची होती. तिचा खिळा १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटराच्या आंतबाहेर जाडीचा, गुळगुळीत व जवळजवळ बिनडोक्याचा. कपाटाची पट्टी बसविण्यास तो उत्तम. त्यानें एप्रिलांत तीन फळ्या नमुन्यादाखल मारून दाखविल्या. काम खरोखर क्षणांत झालें, डाग दिसेना, घरची मंडळी खूष झाली. आम्हीं उरलेलें काम पावसाची एक सर येईपर्यंत थांबविलें. जूनच्या अखेरीस त्यांतील दोन फळ्या हातानें उचलतां आल्या. दोष सुताराचा म्हणवत नाहीं. हत्यार चुकीचें होतें, आणि तें चुकीचें आहे हें त्यास अगर आम्हांस ठाऊक नव्हतें.

जमिनीच्या फळ्यांसाठीं वेगळें यंत्र असतें. हें यंत्र हातांत धरून रोखीत नाहींत. तें फळीच्या कडेवर बसतें, आणि त्याच्या माथ्यावर लांकडी दांड्याची जड मोगरी मारावी लागते. फळीच्या एका कडेस जीभ व दुसरीस पन्हळ काढलेली असते. मोगरीच्या घावानें फळी मागल्या फळीस घट्ट भिडते, आणि त्याच क्षणीं खिळा पंचेचाळीस अंशांच्या तिरकस रेषेंत जिभेच्या मुळांतून खालीं जातो. पुढची फळी आली कीं खिळा पन्हळींत झांकला जातो. एकच कड धरलेली, दुसरी मोकळी; लांकडास हलावयास वाव राहिला. भाज्याच्या पाथरवटास हें दाखविलें असतें तर त्यास खोबण ओळखूं आली असती.

या यंत्रांतही निवड आहे. एका जातींत खिळा मोगरीच्या जोरानेंच आंत जातो. दुसरींत मोगरी केवळ हवेची कळ उघडते व बाकीचें काम दर चौरस इंचास सत्तर ते शंभर पौंडांचा दाब करतो. ज्यास एक-दोन खोल्याच घालावयाच्या आहेत, त्यानें पहिली जात घ्यावी, किंवा दुसरी भाड्यानें मिळवावी. कॉम्प्रेसर विकत घेऊन माळ्यावर टाकण्यांत अर्थ नाहीं. खिळाही दोन तऱ्हांचा. एक चपटा, कडांस दांते पाडलेला. दुसरा दोन पायांचा, साडेपंधरा गेजचा, कागद टांचण्याच्या पिनेसारखा. दुपायी स्वस्त पडतो व पहिल्याच दिवशीं घट्ट धरतो. पण तो जिभेस दोन ठिकाणीं भेदतो, व चिवट नसलेलें जुनें लांकूड तेथें चिरतें. दांत्यांचा खिळा लांकडाबरोबर थोडा वांकतो आणि तरी सुटत नाहीं. पाऊण इंच जाडीच्या फळीस १६ गेजचा दोन इंची, आठ-दहा इंचांवर एक, हें प्रमाण. फळी पातळ अगर फार कठीण असेल तर बारीक गेजचा. दाब अधिक झाला तर खिळा जीभ फोडून आरपार जातो, कमी झाला तर डोकें वर राहून पुढची फळी बसूं देत नाहीं. म्हणून आधीं टाकाऊ तुकड्यावर पांच-दहा खिळे मारून पाहावे. ‘गोंद लावून टाका’ म्हणणारे भेटतील. सागाच्या तेलकट अंगावर गोंद नीट धरत नाहीं हें त्यांस सांगावें.

येथपर्यंत पोहोंचल्यावर खरी अडचण पुढें आली. पणजोबांच्या फळ्या नऊ-दहा इंच रुंद; त्यांस ना जीभ ना पन्हळ. तें यंत्र वापरावयाचें तर त्या उभ्या चिरून चार-चार इंचांच्या पट्ट्या कराव्या लागणार. एवढ्या रुंदीचें जुनें सागवान आतां मिळतें कोठें? पाडलेल्या वाड्यांचें लांकूड विकणाऱ्या वखारींत मिळतें. म्हणजे दुसऱ्याची माडी पडल्याशिवाय मिळत नाहीं. आम्ही दोन दिवस फळ्यांकडे पाहत बसलों. अखेर असें ठरलें, कीं पुढच्या खोलींतल्या रुंद फळ्या तशाच ठेवाव्या. एका कडेस पक्के स्क्रू, दुसऱ्या कडेस लांबट भोंकांत सैल स्क्रू, आणि वरून सागाच्याच बुचांनीं भोंकें बंद. तेथें बंदूक नाहींच. मागच्या खोलींतल्या फळ्या मुळांतच चिरल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या पाडल्या. पट्ट्यांस खिळा धरावयास सलग बूड हवें म्हणून कड्यांवर आधीं प्लायवूड टाकलें. खालून पाहणारास कडीपाटाऐवजीं आतां तें दिसेल. पण त्या खोलीखालीं कोठी आहे, तेथें मान वर करून पाहतो कोण? रंध्याचें पातें तुटूं नये म्हणून प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरविला, तरी मोडक्या खिळ्यांचीं सात टोंकें रंध्यास लागलींच.

काम दिवाळीनंतर केलें, हवा फार ओली नाहीं व फार कोरडी नाहीं अशा वेळीं. यंत्र मिळविण्यास पुण्यापर्यंत खटपट करावी लागली. बॅडमिंटनच्या क्रीडागृहांच्या लांकडी जमिनी घालणाऱ्या एका कारागिरानें तें चार दिवसांपुरतें दिलें. आमच्या सुतारानें पहिल्या दिवशीं नाक मुरडलें. बंदूक म्हणावयाची आणि वर मोगरीही मारावयाची, हें त्यास पटेना. तिसऱ्या दिवशीं तो आपण होऊन म्हणाला, “दादा, ही फळी बसतांना आवाजच निराळा येतो.”

उपटलेल्या तारेच्या खिळ्यांनीं एक डबा भरला. तो भंगारवाल्यानें नेला. जालन्याच्या औद्योगिक वसाहतींत भंगार वितळवून सळ्या करणारे पोलादाचे कारखाने आहेत. तेव्हां पणजोबांचे खिळे आज एखाद्याच्या स्लॅबमध्यें सळई होऊन बसले असण्याचा संभव आहे. चौकोनी खिळे मात्र आम्हीं मोजून ठेविले होते. ते एकेचाळीस भरले. दाराची चौकट पुन्हा बसवितांना सुतारानें त्यांतले अडतीस वापरले. तीन वांकडे निघाले. ते त्यानें मागून घेतले.